भारतमातेचा टोप

"भारतमाता सोडली तर काही शिल्लक नाही बघा," शेळकेमामा म्हणाले. "जिजाऊ दोन होत्या, दोन्ही गेल्या. झाशीची राणी परवा गेलीय ती अजून परत नाही. गॅदरिंगचा सीझन आहे ताई, आणि तुम्ही शनिवारी दुपारी येताय."

"एखादा साधा केसांचा टोप नाही का?" वृषालीनं विचारलं. "घरातल्या बाईसारखा?"

"घरातल्या बाईला टोप कशाला लागतोय?"

वृषाली गप्प झाली. माझी नणंद एरवी गप्प बसणारी नव्हे. मी तिच्या मागं, भिंतीवर टांगलेल्या पुठ्ठ्याच्या तलवारींना टेकून उभी होते. डोक्याला नायलॉनचा स्कार्फ होता, स्कूटीवरच्या मुली बांधतात तसला, आणि तो घसरू नये म्हणून एक हात सारखा कपाळाशी. शेळकेमामांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग माझ्या भुवयांकडं, म्हणजे भुवया असतात त्या जागेकडं. त्यांनी वही मिटली, आत गेले आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले.

"मला वाटलं, शाळेसाठी पाहिजे," ते म्हणाले. "आत आरसा आहे. घालून बघा."

तासगावातलं ते ड्रेपरीचं दुकान. शाळांच्या कार्यक्रमांना कपडे, मुकुट, दाढ्या भाड्यानं देणारं. आतल्या खोलीत मावळ्यांचे अंगरखे आणि राक्षसांचे मुखवटे एकाच खुंटीला होते. वृषालीनं टोप बाहेर काढला. काळाभोर, कमरेपर्यंत लांब, आणि त्याला पावडरचा, डांबरगोळ्यांचा आणि कुठल्या कुठल्या पोरींच्या घामाचा वास. तिनं तो माझ्या डोक्यावर बसवला आणि कडा खाली ओढल्या. त्या दिवसांत माझं डोकं इतकं हुळहुळं झालं होतं की उशीसुद्धा टोचायची.

"वहिनी, टोचतंय?"

"नाही."

"खोटं बोलू नका."

"तू आधी याचा अंबाडा घालून बघ. भारतमाता पोहे घेऊन आली असं नको वाटायला."

ती हसली, पण आरशात तिचे डोळे हसत नव्हते.

बाहेर शेळकेमामांनी पिशवी बांधून दिली. "सोमवारी दहाच्या आत परत आणा. मंगळवारी सव्वीस जानेवारी. बुकिंग आहे. भारतमाता टक्कल घेऊन…" ते तिथंच थांबले आणि उगाच पावती शोधायला लागले.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझं मिरजेला ऑपरेशन झालं होतं. छातीत गाठ. मी सव्वीस वर्षांची होते. मग दर तीन आठवड्यांनी बुधवारी सलाइन. दुसऱ्या सलाइनच्या सुमारास केस गेले, चार दिवसांत, उशीवर आणि मोरीत. माझी लेक केतू अडीच वर्षांची होती. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "गार" म्हणाली आणि खेळायला पळाली. मोठ्या माणसांना एवढं सोपं गेलं नाही.

डोकं झाकायचं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. आमच्याकडं सुना पदर घेतातच. पण पदर डोक्यावर टिकतो तो अंबाड्याच्या जिवावर, हे मला तेव्हा कळलं. खाली काहीच नसलं की तो तेलावरून ओघळल्यासारखा खांद्यावर येतो. पिन लावायची तर कशाला? कासाराकडून गंगावन आणलं, पण ते अडकवायलाही मुळात केस लागतात. लोकरीच्या टोपीनं घामोळं उठलं. सांगलीला खऱ्या केसांचे विग करणाऱ्याकडं गेलो. त्यानं किंमत सांगितली तेव्हा हे म्हणाले, "एवढ्यात दोन सलाइनं होतात," आणि आम्ही चहा न घेता उठलो. मग मी घरातच राहायला लागले. गावात सांगितलं होतं, पोटाचं ऑपरेशन झालंय.

आणि त्यातच वृषालीला स्थळ आलं.

मुलगा अभिजित यादव, सांगलीला बँकेत. आई तासगावच्या शाळेत शिक्षिका. दोघांची एकदा कुणाच्या तरी साखरपुड्यात भेट झाली होती, म्हणून मध्यस्थ पवारांनी पुढं बोलणं काढलं. वृषाली काही बोलली नव्हती. पण तिच्या पासबुकात त्याचा फोटो होता, मी पाहिला होता. रविवारी बघायला येणार असं ठरलं. हे तेव्हा द्राक्षांचा टेम्पो घेऊन वाशीला गेले होते, गुरुवारपर्यंत येणार नव्हते.

शुक्रवारी सकाळी आत्याबाईंनी विषय काढला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. चुलीपुढं बसून, भाकरीकडं बघत बोलत होत्या.

"वैजू, तू म्हायेरला जातीस का दोन दिस?"

"जाते की."

भाकरी उलटली. मग त्याच म्हणाल्या, "आन कुंकू कोण लावणार? माज्या हातानं लावू?"

मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात सवाष्ण अशी मी एकटीच.

"भोसलेकाकूंना बोलवू," मी म्हटलं.

"शेजारची बोलवायची तर घरची कुठं गेली, इचारणार. पवारांनी सांगूनशान ठेवलंय, नणंदा-भावजया भनीसारक्या हायत म्हणून."

"मग खरं सांगूया ना."

"सांग. आन पोरगी ठेव घरात जल्मभर." त्यांनी तवा खाली उतरवला. "तू काय आमच्या रगताची न्हाईस, मला ठावं हाय. पर लोकं कुठं रगत तपासत्यात? त्या घरात ते दुखणं हाय, एवढंच ऐकत्यात. आन सगळा पैका दवाखान्यात चाललाय, लगीन कशानं करून देणार, ह्ये दुसरं."

"मला नाही जमणार आत्याबाई, खोटे केस लावून पाहुण्यांसमोर बसायला."

"वृषी तुजी वांती काढती. तुजं पोरगं सांभाळती. तिच्यासाठी एवढं तरी कर."

हे सगळं त्या भाकरीला सांगत होत्या. केस गेल्यापासून त्यांनी माझ्या डोक्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. औषध वेळेवर द्यायच्या, पेज करून द्यायच्या, पण वाटी उंबऱ्यात ठेवून वळायच्या. मला वाटायचं, माझी किळस येते त्यांना.

मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी वृषालीनं पेन्सिलीनं माझ्या भुवया काढल्या. तिच्या स्वतःच्या साडीच्या निऱ्या राहिल्या होत्या, तरी आधी माझा अंबाडा घातला, त्यावर पदर. केतूला भोसलेकाकूंकडं पाठवलं, कारण तिनं त्या टोपाचं नाव "माऊ" ठेवलं होतं आणि ती सारखी त्याला ओढायला बघत होती.

अकराला पाहुणे आले. अभिजित, त्याचे वडील, मध्यस्थ पवार आणि यादवबाई. सुती साडी, कडक इस्त्री, बारीक कडांचा चष्मा. समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत त्या थांबायच्या आणि मग आणखी जरा थांबायच्या, त्यामुळं आमच्या आत्याबाई जास्तच बोलत गेल्या.

मी पोहे आणले. डोक्यावर घागर असल्यासारखी मान ताठ. जाळीखाली घामाचा एक थेंब कानामागून मानेवर उतरला, आणि मला वाटलं सगळ्या खोलीला तो दिसतोय.

"वहिनींची तब्येत नाजूक दिसते," यादवबाई म्हणाल्या.

"पोटाचं आप्रेशन झालंय," आत्याबाई लगेच म्हणाल्या. "गाठ हुती. साधी. काढून टाकली."

"असं का?"

"व्हय. आता काय न्हाई."

पवारांनी सुचवलं, मुलामुलीला पाच मिनिटं बोलू द्या. दोघं मागच्या दारी गेली. पाचाची पंधरा मिनिटं झाली. आत्याबाई दाराकडं बघत राहिल्या, वडील पोहे संपवून शेतीतलं काहीतरी विचारत राहिले. वृषाली परत आली तेव्हा तिच्या तोंडावरून काहीच कळेना.

मग आत्याबाईंनी मला खूण केली. मी तबक घेतलं, यादवबाईंना हळदकुंकू लावलं, ओटी भरली, गजरा दिला. तबक उचलून वळणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. मलाही लावू द्या."

हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन दिवस आम्ही भुवयांचा विचार केला, पदराचा केला, केतूचा केला. पण कुंकू लावणारीला पाहुणी उलट कुंकू लावते, हे जन्मभर पाहिलेलं असूनही तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

"राहू द्या," मी म्हटलं.

"राहू कसं द्या? आणि हा एवढा गजरा माझ्या चार केसांत मावायचा नाही. अर्धा तुम्हाला." त्यांनी दोरा तोडला सुद्धा.

त्यांनी माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मग त्यांचा हात पदराखालून मागं गेला. यादवबाईंची बोटं माझ्या उजव्या कानामागं आली आणि थांबली. पुन्हा त्याच जागेवरून फिरली. मग त्यांनी एका हातानं टोपाची पुढची कड माझ्या कपाळाशी हलकेच दाबून धरली, आणि दुसऱ्या हातानं पिन घातली. वृषालीनं सगळ्या पिना जाळीत घातल्या होत्या. ही पिन कुठंतरी घट्ट जागी, शिवणीत गेली. गजरा बसला. पदर त्यांनीच सारखा केला.

"झालं," त्या म्हणाल्या. त्या माझ्या पेन्सिलीच्या भुवयांकडं बघत होत्या.

जाताना दारात म्हणाल्या, "दोन दिवसांत कळवतो."

गाडीचा आवाज दूर गेल्यावर आत्याबाईंनी दार लावलं. "कळलं का तिला?"

"माहीत नाही."

"हात कुठं लागला?"

"कानामागं."

"तू मान कशाला वाकवलीस?"

"कुंकू लावून घेताना मान वाकवतात, आत्याबाई."

वृषालीनं माझा टोप काढला. कपाळापासून मानेपर्यंत लाल वळ उठला होता, दोन जागी कातडं सोललं होतं. ती खोबरेल लावत बसली.

"काय म्हणाला तो?" मी हळूच विचारलं.

"बोललो," ती म्हणाली. एवढंच.

सोमवारी वृषालीची टायपिंगची परीक्षा होती. मला एकटीला माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून जाणं झेपत नव्हतं, म्हणून आत्याबाई बरोबर आल्या. टोपाची पिशवी त्यांनीच मांडीवर धरली होती.

दुकानाच्या पायऱ्या चढलो तेव्हा काउंटरपाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. समोर सोनेरी मुकुट आणि तिरंगी काठाची पांढरी साडी.

"आला बघा बाई तुमचा टोप," शेळकेमामा म्हणाले.

यादवबाई वळल्या. आम्ही वर्गात उशिरा आलेल्या मुली असल्यासारखं त्यांनी आमच्याकडं बघितलं. "या," म्हणाल्या.

आत्याबाईंनी माझा दंड धरला. यादवबाईंनी त्यांच्या हातातून पिशवी घेतली, टोप काढला, उलटा केला आणि उजव्या कानाची बाजू माझ्यासमोर धरली. तिथं केसांचा एक पुंजका आखूड होता, टोकं जळून गुठळ्या झालेल्या.

"तीन वर्षांपूर्वी निरांजनाला लागला. मीच कात्रीनं सारखा केला होता. मामांना सांगितलं नव्हतं."

"मला आज कळतंय हे," शेळकेमामा म्हणाले.

"काय आजार आहे?" बाईंनी मला विचारलं.

"कॅन्सर. छातीचा."

"सलाइनं किती झाली?"

"तीन. परवा चौथं."

"काल पोटाची गाठ होती."

मी स्कार्फ कपाळावर पुढं ओढला.

"मला एकच सांगा," त्या म्हणाल्या. "हा टोप घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी ही जागा दोनदा लिहून दोनदा खोडली. त्या क्षणी मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. एवढं मात्र लख्ख समजलं होतं की खरं बोलले तर संपलं. आजारी सुनेला नाटकाचे केस चढवून पाहुण्यांपुढं उभं करणाऱ्या घरातली मुलगी कोण करून घेईल? वृषाली डोळ्यांसमोर आली. माझी उलटीची घमेली धुणारी, निऱ्या अर्ध्या सोडून माझा अंबाडा घालणारी.

"कुणी नाही," मी म्हटलं. "माझाच विचार. मला असं लोकांपुढं यायची लाज वाटत होती. घरचे उलट नकोच म्हणत होते."

लाजेचं खरं होतं, त्यामुळं माझा आवाज हलला नाही.

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांची ती जास्तीची थांबायची सवय. मग म्हणाल्या, "बरं." आणि टोपाची घडी घालायला लागल्या.

त्या "बरं"मध्ये सगळं निभावलं होतं. आता फक्त वळून पायऱ्या उतरायच्या होत्या. मी आत्याबाईंचा हात ओढला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"खोटं बोलतीय ती," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई…"

"तू गप. म्या लावाय लावला तिला. ती न्हाई म्हणत हुती. म्या वृषीचं नाव पुढं केलं आन तिला लावाय लावला. डोस्कं सोललंय तिचं." त्यांचा आवाज चिरका झाला होता, भांडताना होतो तसा. "आन आजारबी मीच लपवला. पोटाची गाठ मीच म्हणाले, तिनं न्हाई. तुमास्नी काय ठरवायचं असंल ते माज्यावर ठरवा, बाई. पोरींच्यावर नगं."

शेळकेमामांना आत काहीतरी काम निघालं.

यादवबाईंनी टोप बाजूला ठेवला. "स्कार्फ काढा," मला म्हणाल्या.

मी काढला. भर सकाळी, रस्त्याकडं तोंड असलेल्या दुकानात. त्यांनी माझी हनुवटी धरून डोकं उजेडाकडं वळवलं, शाळेत पोरीला ताप आहे का बघतात तसं. वळावरून बोट फिरवलं. मग आत हाक मारली, "मामा, मावळ्यांची मुंडाशी धुतलेली आहेत का? सुती. एक द्या."

मामांनी विटक्या लाल रंगाचं कापड आणून दिलं. शेकडो वेळा धुऊन मऊ झालेलं, बाळुत्यासारखं.

"चौथीच्या मुलींना मावळा करायचं असतं," बाई कापडाची पट्टी करत म्हणाल्या. "केस आत कोंबायचे, आणि पळताना सुटता कामा नये. पिन लावली तर टोचते म्हणून रडतात." त्यांनी पट्टी कपाळावर धरली, मागं मानेवर तिढा दिला, दोन्ही टोकं कानांवरून पुढं आणली आणि घडीत खोचली. "गाठ मानेवर घालायची नाही, झोपताना रुतते. आता हलवा मान."

मी मान हलवली. खाली वाकले. कापड जागचं हललं नाही, टोचलं नाही. दीड महिन्यात पहिल्यांदा माझे दोन्ही हात मोकळे होते.

"घरात जुनं लुगडं असेल. त्याच्या पट्ट्या काढा. नायलॉन नको."

"परत दावा," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"सोडा आन परत बांधा. मला नीट बघू द्या."

बाईंनी कापड सोडलं. पण बांधलं नाही. ते आत्याबाईंच्या हातात दिलं. "तुम्हीच बांधा."

आत्याबाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मी कापडाची वाट बघत होते. कापड आलं नाही. आधी हात आला, नुसता, शेणामातीनं खरखरीत झालेला, आणि माझ्या उघड्या डोक्यावर टेकला. बराच वेळ तिथंच राहिला.

"केवढंसं हाय गं तुजं डोस्कं," त्या म्हणाल्या. "केसांत कळत न्हवतं."

पहिल्यांदा बांधलेलं सैल झालं. दुसऱ्यांदा नीट बसलं. बाईंनी एका जागी बोटानं घडी आत सारली आणि "जमलं" म्हणाल्या. मुकुट, साडी, टोप सगळं त्यांनी पिशवीत भरलं.

"बुधवारी मिरजेला कशानं जाता?"

"सातच्या एस्टीनं," मी म्हटलं.

"अभिजित पावणेसातला गाडी घेऊन येईल. मी सांगते त्याला रजा काढायला. मला शाळा आहे, नाहीतर मीही आले असते." पायरीवरून त्या मागं वळल्या. "मुंडासं राहू दे तुमच्याकडं. मामा, माझ्या नावावर लिहा."

त्या रस्ता ओलांडून जाईपर्यंत आम्ही बघत राहिलो.

"म्हंजे काय समजायचं?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"काय माहीत."

"समजायचं काय त्यात," शेळकेमामा आतून म्हणाले. "वीस वर्षं ओळखतो बाईंना. नकार असता तर तोंडावर सांगून गेल्या असत्या."

घरी आलो तर वृषाली परीक्षेहून येऊन कणीक मळत होती. आत्याबाई तिच्यापुढं पाटावर बसल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. टोप, निरांजन, माझं खोटं, स्वतःचं खरं. "आता जमलं तर जमलं," म्हणाल्या. "न्हाई तर माज्या नावानं बोटं मोड."

वृषाली मळायची थांबली. "आई, मी त्यांना कालच सांगितलं होतं."

"कुणाला?"

"अभिजितना. मागच्या दारी. वहिनींना काय झालंय ते. लग्नानंतरही मी वहिनींच्या बुधवारला येणार, चालत असेल तर पुढं बोला, असं म्हटलं."

"आन तो काय म्हणाला?"

"आईला विचारतो म्हणाले नाहीत. चालेल म्हणाले."

आत्याबाईंनी तिच्यापुढची परात बाजूला सारली. "मला का सांगितलं न्हाईस?"

"तू सांगू दिलं असतंस?"

मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "म्हंजे त्या बाईला कालच सगळं ठावं झालं असणार. पोरगा सांगितल्याबिगर ऱ्हायचा न्हाई."

"असणार," मी म्हटलं.

"आन तरी माज्या तोंडनं वदवून घेतलं." त्या रागानं उठल्या. "मास्तरीण मेली."

मग आतल्या खोलीत ट्रंकेचं झाकण वाजलं, आणि मागोमाग कापड फाडल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. आत्याबाईंनी लुगड्याच्या पट्ट्या काढल्या होत्या. त्यांचं एकच सुती इरकली होतं, मऊ झालेलं.

वृषाली-अभिजितचं लग्न मे महिन्यात झालं. पण ती गोष्ट वेगळी, आणि त्यात माझ्या डोक्यावर पेरभर केस आले होते.

बुधवारी पावणेसातला गाडी दारात उभी राहिली. अभिजित पुढं, शेजारी वृषाली, मागं मी आणि आत्याबाई. केतू झोपेतच भोसलेकाकूंकडं द्यायची होती. काकू स्वतःच न्यायला आल्या, तिला खांद्यावर घेतलं आणि गाडीत वाकून बघितलं. पाहुण्यांचा मुलगा, आम्ही तिघी, माझ्या डोक्याला गुंडाळलेलं इरकलीचं कापड.

"एवढ्या सकाळी कुठं दौरा?" त्यांनी विचारलं.

मी आत्याबाईंकडं बघितलं. वृषालीनंही मान वळवली.

"मिरजेला," आत्याबाई म्हणाल्या. "वैजूला कॅन्सर झालाय. सलाइन असतंय बुधवारचं."

"अगं बाई," काकू म्हणाल्या, आणि एक पाऊल मागं सरल्या.

"बाई काय त्यात? औषध चाललंय. तीन झाली, आज चौथं. दोन ऱ्हायली मग. केस यायलाबी वेळ लागतोय, ते काय लगेच येत्यात व्हय? आन पोरीला दुधात साखर घालू नगंस जास्ती, खोकला हाय तिला."

गाडी सुरू झाली. आत्याबाईंना काच वर कशी करायची ते कळेना. अभिजितनं पुढून बटण दाबलं. काच वर चढत गेली, तरी त्या बंद काचेआडून काकूंना काहीतरी सांगतच होत्या.